एमआरआयमध्ये वापरायच्या गाइडवायरचे साहित्य : पोलाद, नायटिनॉल की काचतंतू?

सातपूर_तारकाम (धागाकर्ता)

सातपूर औद्योगिक वसाहतीत बारीक तार ओढण्याचे आणि स्प्रिंग गुंडाळण्याचे आमचे छोटे युनिट आहे. आजवरचे बहुतेक काम वाहन उद्योगासाठी झाले. वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या एका उत्पादकाने अलीकडे आमच्याकडे गाइडवायरच्या गाभ्याचे नमुने मागितले आहेत. मागणीपत्रात ‘एमआरआयमध्ये वापरण्याजोगी’ एवढेच लिहिले आहे आणि साहित्य कोणते घ्यावे हे आम्हीच सुचवायचे आहे.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी १९५३ साली मांडलेल्या पद्धतीत आधी सुईतून रक्तवाहिनीत तार सरकवतात, सुई काढून घेतात आणि त्या तारेवरून कॅथेटर, म्हणजे बारीक पोकळ नळी, आत नेतात. हीच गाइडवायर. हृदयाच्या कामासाठी तिची लांबी साधारणपणे १५० ते २६० सेंटिमीटर असते आणि नेहमीच्या जाड प्रकाराचा व्यास ०.०३५ इंच, म्हणजे ०.८९ मिलिमीटर असतो.

आमच्यासमोर दोन धातू आहेत. ३०४ प्रतीचे गंजरोधक पोलाद मुळात चुंबकाला चिकटत नाही, पण डायमधून, म्हणजे साच्याच्या बारीक भोकातून, थंड अवस्थेत ओढत गेले की त्याच्या अंतर्गत रचनेचा काही भाग मार्टेन्साइट या चुंबकीय रूपात बदलतो आणि तार चुंबकाला ओढली जाऊ लागते, हे आमच्या कारागिरांना रोजच दिसते. ३१६ प्रतीच्या पोलादात निकेल जास्त असल्यामुळे हा दोष कमी असतो. निकेल-टायटॅनियमच्या नायटिनॉलमध्ये तो नसतोच, शिवाय ती तार पुष्कळ वाकूनही मूळ आकारात परत येते. मग नायटिनॉल सुचवले की प्रश्न मिटतो का? नाशिकमध्ये रेडिओलॉजी, हृदयरोग आणि संमिश्र साहित्य या तिन्ही क्षेत्रांतले लोक आहेत, म्हणून येथे विचारत आहे.

प्रतिमातंत्रज्ञ

प्रश्न मिटत नाही. नायटिनॉल घेतल्याने तुमचा अर्धाच धोका टळतो, आणि माझ्या मते तो सोपा अर्धा आहे.

एमआरआय यंत्रात तारेवर दोन वेगळ्या गोष्टींचा परिणाम होतो. पहिली गोष्ट म्हणजे कायमचे स्थिर चुंबकीय क्षेत्र. त्यामुळे लोहचुंबकीय वस्तू ओढली जाते किंवा फिरते. नायटिनॉल पराचुंबकीय आहे, म्हणजे चुंबकाकडे अगदी नगण्य ओढले जाते. त्याची चुंबकीय ग्रहणशीलता (क्षेत्रात वस्तू किती चुंबकित होते याचे माप) दशलक्षात सुमारे २४५ भाग भरते, तर ज्याला आपण अचुंबकीय म्हणतो त्या पोलादाची ३५०० ते ६७०० भाग असते. तेव्हा ओढले जाण्याची भीती नायटिनॉलमध्ये नाही आणि प्रतिमेतला काळा डागही पोलादापेक्षा पुष्कळ लहान पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रतिमा घेताना यंत्र रुग्णाच्या शरीरात सोडत असलेल्या रेडिओ लहरी. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या शक्तीचे एकक. १.५ टेस्लाच्या यंत्रात त्यांची वारंवारता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते आणि ३ टेस्लाच्या यंत्रात सुमारे १२८ मेगाहर्ट्झ. या लहरींसाठी लांब, सलग विद्युतवाहक तार म्हणजे एरियल असते. तारेत प्रवाह निर्माण होतो आणि टोकाशी विद्युतक्षेत्र एकवटते. तेथे तारेपेक्षा तिच्या टोकाला लागून असलेले रक्त आणि ऊतक तापते. ६४ मेगाहर्ट्झची लहर हवेत सुमारे ४.७ मीटर लांब असते, पण पाण्याने भरलेल्या शरीरात ती अर्ध्या मीटरच्या आसपास येते. तिची अर्धी लांबी सुमारे २६ सेंटिमीटर भरते. मांडीच्या रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत जाणारी तार याहून बरीच लांब असते, त्यामुळे आत-बाहेर सरकवताना ती कुठेतरी अनुनादाच्या लांबीजवळ, म्हणजे ज्या लांबीला तार लहरींची ऊर्जा सर्वाधिक पकडते तिच्याजवळ, येणारच. ३ टेस्लाला ही लांबी आणखी निम्मी होते.

२००० साली नेदरलँड्समधील संशोधकांनी १.५ टेस्लाच्या यंत्रात गाइडवायरच्या टोकाचे तापमान मोजले, तेव्हा ३० सेकंदांच्या स्कॅनमध्ये ते २६ वरून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत गेलेले आढळले. हे मोजमाप जिवंत शरीरात नव्हे, प्रायोगिक नमुन्यात झाले होते आणि वाहते रक्त काही उष्णता वाहून नेते हे खरे; तरीही हृदयाच्या आत एवढी जोखीम कोणी घेऊ नये. म्हणून ‘चुंबकाला चिकटत नाही’ ही कसोटी या कामाला पुरेशी नाही. निर्णायक प्रश्न आहे तो तार वीज वाहून नेते का आणि किती लांबीपर्यंत सलग नेते, हा.

सातपूर_तारकाम

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. लगेच सुचणारा उपाय विचारतो. बाजारातल्या बहुतेक तारांवर टेफ्लॉनचे किंवा पाण्याने बुळबुळीत होणारे आवरण असते. विद्युतरोधक आवरण पूर्ण लांबीवर आणि टोकावरही दिले, तर टोक तापणे थांबणार नाही का?

प्रतिमातंत्रज्ञ

थांबणार नाही. आवरणामुळे तारेवरून धावणाऱ्या लहरीची लांबी बदलते, म्हणजे अनुनादाची लांबी २६ सेंटिमीटरवरून वेगळीकडे, बहुधा अधिक लांबीकडे सरकते, पण अनुनाद नाहीसा होत नाही. काही दशांश मिलिमीटरच्या आवरणातून इतक्या उच्च वारंवारतेचा प्रवाह धारित्राच्या मार्गाने, म्हणजे थेट स्पर्श नसतानाही, ऊतकात उतरतोच. शिवाय आवरणाला कुठे चीर गेली, की सगळी उष्णता त्या एका ठिकाणी एकवटते आणि नेमके ते ठिकाण कोणाला माहीत नसते. त्यामुळे आवरणावर भिस्त ठेवणे मला अधिक धोक्याचे वाटते.

म्हसरूळ_विद्यार्थिनी

मी आरोग्य विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. दोन शंका आहेत. कार्बन तंतू अधातू आहे आणि धातूपेक्षा हलकाही, मग तो का चालणार नाही? आणि कमी क्षमतेच्या यंत्रात, उदाहरणार्थ ०.५५ टेस्लाच्या, हा धोका आपोआप कमी होत नाही का?

ओझरकर

कार्बनचे उत्तर मी देतो, कारण विमानांच्या संमिश्र भागांवर काम करण्यात माझी नोकरी गेली. कार्बन तंतूचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे हजारपट आहे, पण त्यामुळे तो रोधक ठरत नाही. रेडिओ लहरींच्या दृष्टीने तो वाहकच आहे, आणि तारेच्या लांबीने सलग टाकलेले तंतू पुन्हा एरियलच बनतात. येथे काचतंतू आणि अ‍ॅरामिड हेच दोन उमेदवार आहेत. दुसरा म्हणजे केव्हलार जातीचा मजबूत कृत्रिम तंतू. दोन्ही खरे विद्युतरोधक आहेत.

प्रतिमातंत्रज्ञ

दुसऱ्या शंकेबद्दल : होय, धोका बराच कमी होतो. इतर गोष्टी समान असतील तर शरीरात जिरणारी रेडिओ ऊर्जा क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून १.५ वरून ०.५५ टेस्लावर आल्यास ती सुमारे साडेसातपट घटते आणि अनुनादाची लांबीही पुष्कळ वाढते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील गटाने २०१९ साली अशा यंत्रात धातूची गाइडवायर वापरून रुग्णांच्या हृदयात कॅथेटर नेल्याचे प्रसिद्ध केले. मात्र आपल्या भागातली बहुतेक यंत्रे १.५ किंवा ३ टेस्लाची आहेत. तार बनवणाऱ्याने तीच गृहीत धरलेली बरी.

ओझरकर

आता मूळ प्रश्नाकडे येतो. काचतंतूची तार म्हणजे पल्ट्रुजनने, म्हणजे पॉलिमरमध्ये भिजवलेले तंतू साच्यातून खेचून, ओढलेली बारीक कांडी. तंतू सगळे लांबीच्या दिशेने आणि त्यांना धरून ठेवणारे इपॉक्सी किंवा पीईईके (पीक) जातीचे पॉलिमर. ती वीज वाहत नाही, त्यामुळे तापण्याचा प्रश्न मुळापासून सुटतो. पण त्या बदल्यात काय गमवावे लागते, हे धागाकर्त्यांनी आकड्यांत पाहावे.

वाकण्यातला ताठपणा आधी घेऊ. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक (ताणाला आणि वाकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) सुमारे २०० गिगापास्कल आहे, नायटिनॉलचा साधारण ४० ते ८०, आणि साठ टक्के तंतू असलेल्या काचेच्या संमिश्राचा सुमारे ४५. म्हणजे वाकण्याच्या बाबतीत काच नायटिनॉलच्या पंक्तीला बसते. भरीव पोलादी कांडीइतका ताठपणा हवा असेल, तर व्यास सुमारे १.४५ पट करावा लागेल, कारण ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. आणि कॅथेटरचे भोक काही त्यासाठी मोठे होणार नाही. हा तोटा मी सहन करण्याजोगा मानतो.

खरी अडचण पिळात आहे. डॉक्टर तारेचे बाहेरचे टोक बोटांनी फिरवतात आणि आतले वाकडे टोक तितकेच फिरावे अशी त्यांची अपेक्षा असते. पोलादाचा कर्तन गुणांक (पिळाला होणाऱ्या विरोधाचे माप) सुमारे ७७ गिगापास्कल आहे आणि एकाच दिशेने तंतू टाकलेल्या काचेच्या संमिश्राचा जेमतेम ४ ते ५. म्हणजे पिळाला ही कांडी पोलादाच्या सोळा-सतरापट मऊ आहे. बाहेर अर्धा फेरा द्यावा आणि आत काहीच हलू नये, मग एकदम उसळी मारून टोक फिरावे, असे होते. यावर उपाय आहे तो म्हणजे गाभ्यावर ४५ अंशांच्या कोनात दोन्ही दिशांनी तंतूंची वीण चढवणे. तिरपे तंतू पीळ पेलतात. हे काम स्प्रिंग गुंडाळणाऱ्या माणसाला अपरिचित नाही, म्हणूनच धागाकर्त्यांच्या युनिटने ते हाती घ्यावे असे मला मनापासून वाटते.

तिसरी गोष्ट तुटण्याची. नायटिनॉल सुमारे ८ टक्के ताण (मूळ लांबीतली वाढ) सोसून परत येते, तर काचेच्या संमिश्राला व्यवहारात २ टक्क्यांच्या पुढे नेऊ नये. ०.६ मिलिमीटर व्यासाचा गाभा धरला, तर २ टक्के ताण म्हणजे १५ मिलिमीटर त्रिज्येचे वळण. नायटिनॉल सुमारे ४ मिलिमीटरपर्यंत जाते. हृदयातल्या काही वळणांसाठी १५ मिलिमीटर पुरत नाही, म्हणून टोकाकडचा भाग निमुळता हवाच. आणि काच तुटते तेव्हा धारदार कुसळे होतात. रक्तवाहिनीत तुकडा सुटणे ही या साहित्यातली सर्वांत गंभीर शक्यता आहे. त्यासाठी गाभ्यात काचेबरोबर अ‍ॅरामिडचे तंतू घालतात. अ‍ॅरामिड दाबाखाली कमकुवत आहे, पण ओढताना सहजी तुटत नाही, त्यामुळे काच फुटली तरी दोन्ही तुकडे एकमेकांना धरून राहतात आणि तार अखंड बाहेर काढता येते. त्यावर मऊ पॉलिमरचे सलग आवरण असावे, म्हणजे कुसळे आतच राहतील.

बालहृदय

मी लहान मुलांच्या हृदयविकारांवर उपचार करते. ही तार कोणाला हवी आहे, हे येथे आले नाही म्हणून लिहिते.

जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांना वाढीच्या वयात अनेकदा कॅथेटर तपासणीला सामोरे जावे लागते आणि प्रत्येक वेळी क्ष-किरणांचा डोस मिळतो. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कॅथेटरने दाब आणि एमआरआयने रक्तप्रवाह एकाच वेळी मोजता येतो, त्यामुळे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा रोध अधिक विश्वासाने काढता येतो. शस्त्रक्रिया करावी की नाही हे पुष्कळदा त्याच आकड्यावर ठरते. हृदयाच्या उजव्या बाजूची तपासणी फुगा लावलेल्या कॅथेटरने बहुधा तारेशिवाय होऊ शकते, पण हृदय फार मोठे झालेले असेल, झडप गळकी असेल किंवा डाव्या बाजूला जायचे असेल, तर तारेवाचून अडते. लंडनमधील डॉक्टरांनी फुप्फुसधमनीची झडप अरुंद असलेल्या एका बालकावर आणि एका प्रौढावर एमआरआयसाठी बनवलेल्या तारेच्या साहाय्याने उपचार केल्याचे २०१० साली प्रसिद्ध केले. म्हणजे हे शक्य आहे.

ओझरकर सरांनी मांडलेल्या अडचणींत मी एक भर घालते. नुसत्या काचेची तार एमआरआयमध्ये नीट दिसत नाही. तिच्यात सिग्नल देणारे पाणी नसते, त्यामुळे एक बारीक काळी रेघ उमटते आणि धडधडणाऱ्या हृदयात ती हरवते. टोक कुठे आहे हे न कळता तार पुढे ढकलणे म्हणजे हृदयाच्या भिंतीला भोक पाडण्याचा धोका पत्करणे होय. म्हणून आवरणात किंवा गाभ्यात लोह-ऑक्साइडचे किंवा लोखंडाचे अतिसूक्ष्म कण ठरावीक अंतरावर घालतात. प्रत्येक ठिपका प्रतिमेत स्पष्ट काळा डाग देतो. मला हवे ते असे : टोकावर एक ठळक खूण, आणि तिच्या मागे समान अंतरावर लहान खुणा, म्हणजे वळण किती आणि किती लांबी आत गेली हे एका नजरेत कळेल. डाग फार मोठा झाला तर मला झडपच दिसत नाही, आणि लहान मुलांत जागा आधीच कमी असते.

सातपूर_तारकाम

डॉक्टर, आपल्या उत्तराने कामाचा हेतू स्पष्ट झाला. एक मधला मार्ग विचारतो. नायटिनॉलचे छोटे तुकडे घेऊन ते रोधक सांध्यांनी जोडले, तर प्रवाहाला सलग लांबी मिळणार नाही आणि धातूचा पीळही टिकेल. असे कोणी केले आहे का?

प्रतिमातंत्रज्ञ

केले आहे. मी वर उल्लेख केलेल्या अमेरिकेतील संस्थांमध्येच पाव लहरीपेक्षा आखूड असे नायटिनॉलचे तुकडे समान ताठपणाच्या रोधक जोडांनी जोडून तार बनवली गेली आणि ती तापत नसल्याचे दाखवले गेले. १.५ टेस्लाला शरीरातली पाव लहर सुमारे १३ सेंटिमीटर येते, म्हणजे तुकडा त्याहून आखूड हवा. ३ टेस्लाला ती सुमारे साडेसहा सेंटिमीटरवर येते, त्यामुळे एका यंत्रासाठी बनवलेली तार दुसऱ्यात सुरक्षित धरता येणार नाही. कल्पना उत्तम आहे, पण प्रत्येक जोड ही तुटण्याची एक नवी जागा आहे.

ओझरकर

सहमत. ०.९ मिलिमीटरच्या आत धातू आणि पॉलिमर यांचा जोड करून तो ओढ, पीळ आणि वाकणे हे तिन्ही पेलेल असा बनवणे, ही पहिल्या नमुन्यासाठी फार मोठी उडी होईल.

नियमवाचक

वैद्यकीय उपकरणांच्या परवान्यांचे काम करतो, म्हणून मागणीपत्रातल्या शब्दाबद्दल लिहितो. ‘एमआर कंपॅटिबल’ ही जुनी संज्ञा अमेरिकन मानक संस्थेने एएसटीएम एफ २५०३ या मानकाद्वारे २००५ पासून बाजूला ठेवली, कारण ती कोणत्या यंत्रात, कोणत्या मर्यादेत हे काहीच सांगत नव्हती. आता तीनच वर्ग आहेत. हिरव्या चौकोनाचे ‘एमआर सेफ’ : जी वस्तू अधातू, अचुंबकीय आणि विद्युतरोधक आहे. पिवळ्या त्रिकोणाचे ‘एमआर कंडिशनल’ : जी लिहिलेल्या अटींतच सुरक्षित आहे. लाल वर्तुळाचे ‘एमआर अनसेफ’. शुद्ध काच-अ‍ॅरामिडची तार पहिल्या वर्गात बसू शकेल, पण डॉक्टरांनी मागितलेले लोहकण घातले की व्याख्येनुसार ती दुसऱ्या वर्गाकडे जाते आणि क्षेत्राची क्षमता, ऊर्जेची मर्यादा या अटी लेबलवर लिहाव्या लागतात. उत्पादकाला आधी विचारा की त्याला कोणता वर्ग हवा आहे.

चाचण्यांबाबत एएसटीएमचीच मानके : ओढले जाण्यासाठी एफ २०५२, फिरण्यासाठी एफ २२१३, प्रतिमेतल्या डागासाठी एफ २११९ आणि तापण्यासाठी एफ २१८२. शेवटच्या चाचणीत मीठ घातलेल्या जेलमध्ये वस्तू ठेवून प्रकाशतंतूच्या तापमापकाने टोकाचे तापमान मोजतात. पण ती चाचणी शरीरात पूर्ण बसवलेल्या वस्तूंसाठी लिहिलेली आहे. गाइडवायरचा निम्मा भाग बाहेर हवेत असतो आणि तोही लहरी पकडतो, त्यामुळे तार वेगवेगळ्या खोलीपर्यंत आत घालून आणि यंत्राच्या कडेजवळ सरकवून मोजमाप करावे लागेल. यांत्रिक मजबुतीसाठी आयएसओ ११०७० आणि शरीराशी अनुरूपतेसाठी आयएसओ १०९९३ पाहावे. आपल्याकडे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत जोखमीनुसार ए ते डी असे चार वर्ग आहेत आणि हृदयाच्या व मुख्य रक्ताभिसरणाच्या थेट संपर्कात जाणारी उपकरणे वरच्या वर्गात येतात. परवाना उत्पादकाचा असला, तरी साहित्याच्या प्रत्येक लॉटचा माग तुमच्याकडे असावा लागेल.

आणखी एक मुद्दा मी आग्रहाने मांडतो. काही ठिकाणी एकदाच वापरायच्या तारा धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरल्या जातात. संमिश्र तारेच्या बाबतीत हे मुळीच होता कामा नये, कारण आतल्या तंतूंना गेलेल्या चिरा बाहेरून दिसत नाहीत. वेष्टनावर हे ठळक मराठीत आणि हिंदीतही असावे.

बालहृदय

नियमवाचकांच्या शेवटच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आणखी एक विनंती अशी, की तार क्ष-किरणांतही दिसावी. एमआरआय कक्षात काही बिघडले तर आम्ही मुलाला तातडीने कॅथलॅबमध्ये, म्हणजे क्ष-किरणांवर चालणाऱ्या कॅथेटर कक्षात, हलवतो, आणि तेथे तीच तार आत असते.

ओझरकर

त्यासाठी आवरणात बेरियम सल्फेट मिसळा. ते क्ष-किरण अडवते, वीज वाहत नाही आणि प्रतिचुंबकीय, म्हणजे चुंबकाने किंचित दूर लोटले जाणारे, असल्यामुळे एमआरआयमध्ये डागही पाडत नाही. टंगस्टनची पूड अधिक ठळक दिसते, पण ती धातू आहे, म्हणून सुरुवातीला टाळावी.

सातपूर_तारकाम

सर्वांच्या उत्तरांवरून उत्पादकाला असे कळवत आहे : पोलाद आणि सलग नायटिनॉल या कामासाठी सुचवत नाही, काचतंतू आणि अ‍ॅरामिडचा एकत्र गाभा, टोकाकडे निमुळता, त्यावर ४५ अंशांची दुहेरी वीण, आणि बेरियम सल्फेट घातलेले मऊ आवरण. लोहकणांच्या खुणा दोन प्रकारच्या करून पाहू. लेबलचा वर्ग कोणता हवा, हे त्यांच्याकडून लेखी घेऊ. पल्ट्रुजनची सोय आमच्याकडे नाही, त्यामुळे अंबड किंवा सिन्नरमध्ये इतकी बारीक कांडी ओढणारे कोणी असल्यास कृपया येथे कळवावे.

ओझरकर

कांडी मिळाली की आवरण चढवण्याच्या आधी दोन गोष्टी करा. एका टोकाला पीळ देऊन दुसऱ्या टोकाचा कोन मोजा, सरळ अवस्थेत आणि नंतर १५ मिलिमीटरहून थोड्या मोठ्या त्रिज्येच्या नळीतून वळवून. दोन्ही आकडे विणीच्या आधीचे आणि नंतरचे हवेत. मग काही तुकडे मुद्दाम तुटेपर्यंत वाकवा आणि अ‍ॅरामिड दोन्ही भाग धरून ठेवते का ते पाहा. तो धरत नसेल तर एमआरआय यंत्रातल्या महागड्या चाचण्यांकडे जाऊच नका, आधी तंतूंचे प्रमाण बदला. विणीचा कोन ठरवायला मी सातपूरला येऊन बसेन.